खंडेनवमीच्या टेबलावरचा कॉक

माफ करणाऱ्या माणसांचं मला कधी कौतुक वाटलं नाही. मी स्वतः पक्की खुनशी आहे. शाळेत माझी कंपासपेटी ढापणाऱ्या मुलीशी मी अजून बोलत नाही, आणि ती गिरगावात माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये भेटली तर मी आकडे बघत उभी राहते. त्यामुळे सुरंगा घाडीबद्दल लिहिताना मी काही तटस्थ वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकते. तिनं जे केलं ते बरोबर होतं की नाही असं मला लोक विचारतात. मला ते फार आवडलं, एवढंच मी सांगू शकते.

आमचा रेल्वेचा कारखाना. डबे आणि वॅगन दुरुस्तीला येतात, त्यांचे ब्रेक खोलून, धुऊन, तपासून परत बसवतात. मी तिथं ऑफिसात कारकून होते, माणसांच्या फायली माझ्याकडे. नोकरीत असताना माणूस गेला की त्याच्या घरच्या एकाला नोकरी मिळते, त्या फायलीही माझ्याच टेबलावरून जायच्या. सुरंगा पहिल्यांदा माझ्यासमोर आली ती अशीच. तिशीची, काळीसावळी, हाताला धरून सात-आठ वर्षांची मुलगी. लालबागची, माणसं मूळची मालवणकडची. नवरा विलास यार्डात ब्रेक फिटर होता. दोन वॅगनच्या मध्ये सापडून गेला.

"कागदात काय लिवलंय ता वाचून दाखवा मॅडम," ती म्हणाली.

मी वाचलं. माझा आवाज तेव्हा सरकारी झालेला होता, भाजीचे भाव वाचावेत तसं मी वाचलं, "सदर अपघात मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला." मुलीच्या केसांतली क्लिप तिनं काढली आणि परत लावली. मग म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. त्या दुसऱ्या वाचण्याची मला आजही लाज वाटते.

तिला खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून घेतलं. हातात झाडू दिला. आमच्याकडे बायका तेव्हा मोजून चार, आणि त्यांना मशिनीपाशी कुणी फिरकू देत नसे. सुरंगा झाडायची ती मात्र ब्रेक सेक्शनच्या टेस्ट बेंचभोवतीच. तिथली जमीन इतकी लख्ख असायची की फोरमन वैतागून म्हणाला, "बाई, दुसरीकडे पण कचरा होतो हां!" ही म्हणाली, "मग हयसरच काम द्या ना." वर्षभरानं त्यानं खरंच दिलं.

आता ब्रेकचं थोडं सांगायला हवं. मला यातलं शून्य कळत होतं, सगळं तिनंच शिकवलं, डब्यातली भाकरी खाता खाता. गाडीच्या पोटातून इंजिनापासून शेवटच्या वॅगनपर्यंत एक पाइप जातो. त्यात दाबून हवा भरलेली असते. हवा भरलेली आहे तोवर ब्रेक सुटलेले. ड्रायव्हरनं हँडल फिरवून हवा सोडली, की प्रत्येक वॅगनचा ब्रेक आपोआप लागतो. गाडी मध्येच तुटली, पाइप फाटला, तरी हवा जाते आणि गाडी थांबतेच. कुणाला पळावं लागत नाही, कुणाला मध्ये हात घालावा लागत नाही.

"माझ्या सासऱ्यांच्या टायमाला असा नव्हता," ती म्हणायची. "तेंव्हा मानूस म्हंजेच ब्रेक."

तिचे सासरे, आबा घाडी, जन्मभर यार्डात शंटिंगला होते. सुटून निघालेल्या वॅगनच्या बाजूनं पळायचं, हातब्रेकचा लोखंडी दांडा खाली दाबायचा आणि त्यावर अंगाचा भार टाकून लोंबकळायचं. नाहीतर चाकाखाली लोखंडी पाचर सरकवायची आणि हात वेळेवर मागे घ्यायचा. आबांनी एकदा वेळेवर घेतला नव्हता. उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. हवेचा ब्रेक आला तेव्हा म्हणे त्यांनी चाळीत पेढे वाटले होते, आता पोरांची बोटं राहतील म्हणून. आणि मुलाला त्याच हवेच्या ब्रेकच्या कामाला लावलं होतं.

तो मुलगा गेला आणि कागदावर आलं, स्वतःची चूक. आबांनी तो कागद मानला. सुरंगाला खरी आग लागली ती इथं. विलासचा मोठा केलेला फोटो आबांनी भिंतीवर लावू दिला नाही. मी एकदा गणपतीला त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा माझ्यासमोर म्हणाले, "माझी बोटां गेली, पण मी कधी नियम मोडूक नाय. ह्येना मोडल्यान नि गेलो. झील माझो, पण चूक ती चूक." फोटो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत. मुलगी विचारायची, बाबांचा फोटो का नाही. सुरंगा सांगायची, "लागात. जरा थांब."

तो फोटो भिंतीवर लागावा, आणि आबा जिवंत असताना, आबांच्या हातानं लागावा, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही ती कधी बोललीच नाही.

बेंचवर ती काम करायची तेव्हा बघत राहावं. ब्रेकचा व्हॉल्व्ह बेंचला लावायची, हवा सोडायची आणि डोळे मिटायची. आजूबाजूला हातोडे, ग्राइंडर, कुणाचा तरी मोबाइल. ती त्यातून बारीक सुस्कारा ऐकायची. "डाव्या अंगाक गळता," म्हणायची, साबणाच्या पाण्याचा ब्रश तिथं फिरवायची, आणि बरोब्बर तिथंच फुगे यायचे. नवीन कॉम्प्युटरवालं बेंच आलं तेव्हा पोरं त्याचा आकडा बघायची आणि मग तिच्या तोंडाकडे बघायची.

तिचं दुसरं वेड म्हणजे 'तोंडी नको'. एकदा एक तरुण इंजिनिअर घाईघाईनं आला, एक डबा अडला होता. म्हणाला, "ताई, एवढा एक पास करून टाका, मी बोललोय वर." सुरंगा म्हणाली, "लिवून द्या." तो हसला. "अहो, मी सांगतोय ना!" ती म्हणाली, "सांगतास ता वाऱ्यावर जाता. लिवा, की गळता हा म्हायती आसून पास करूक सांगितला. खाली सही." त्याचा चेहरा असा झाला की काचेपलीकडच्या ऑफिसात टाइप करणारी मी उठून बघायला गेले. व्हॉल्व्ह पास झाला नाही. तो इंजिनिअर महिनाभर तिच्या बाजूनं न जाता दुसऱ्या दारानं जायचा.

हे वेड तिला कुठून लागलं ते सांगते. बेंचवर पाच-सहा वर्षं झाल्यावर एक दिवस तिनं जेवण अर्धं टाकलं आणि मला विचारलं, "मॅडम, फायलीत लिवलंय की गाडी मागे ढकलत होते, हात दाखवल्यावर ड्रायव्हरान ब्रेक मारलान, तरी गाडी आणखी एक वॅगनभर सरकली. असा कसा जाईल? चाळीस वॅगनींचे ब्रेक लागले तर ती जाग्यार उभी रव्हता."

"म्हणजे?"

"म्हंजे चाळीस लागले नाय."

त्या इंजिनाचा ड्रायव्हर निवृत्त होऊन भोईवाड्यात राहत होता. एका रविवारी ती मला घेऊन गेली, साक्षीला म्हणून. म्हातारा खाटेवर, नाकात नळी. आधी उडवाउडवी केली. मग सुरंगानं विचारलं, "काका, हँडल मारल्यावर हवा किती वेळ गेली?"

त्यानं नाकातली नळी सारखी केली. मग तोंडानंच आवाज काढून दाखवला, आखूड. पूर्ण गाडीची हवा सुटते ती लांब सुटते, फूस्स करत राहते, ड्रायव्हरला कानानं कळतं गाडी किती लांब आहे. त्या दिवशी लगेच संपली. म्हणजे मध्ये कुठंतरी पाइपचा कॉक बंद होता. दोन वॅगनच्या जोडणीपाशी हा कॉक असतो, नळाच्या तोटीसारखा. तो बंद राहिला की त्याच्या पुढच्या वॅगनींना ड्रायव्हरचा ब्रेक कळतच नाही. म्हणूनच गाडीची हवा तपासायला परीक्षकानं शेवटच्या वॅगनपर्यंत चालत जायचं, तिथं हवा सोडून बघायची, आणि मगच सही करायची.

"मी जबानीत हवेचं बोललो होतो, बाई," म्हातारा म्हणाला. "कुणी लिहूनच घेतलं नाही. आणि विलासला बाहेर काढत होतो तेव्हा मी बघितलं, सामंत, त्या गाडीची हवा तपासून सही करणारा परीक्षक, गाडीच्या मधल्या बाजूनं परत येत होता. कॉक उघडून आला असणार."

"ह्या लिवून द्या."

"नाही देणार. माझा पोरगा रेल्वेत आहे."

आम्ही खाली आलो. भोईवाड्याच्या नाक्यावर ती उसाचा रस प्यायली, दोन ग्लास, एकामागून एक. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "सामंत म्हंजे आमचेच गाववाले. माका नोकरी त्यांनीच लावली." पुढच्या पावसाळ्यात तो ड्रायव्हर वारला, आणि जे होतं ते तोंडीच राहिलं.

त्यानंतर तिला एक सवय लागली. कुठंही गेली की आधी शेवटपर्यंत चालत जायची. चाळीत आली की गॅलरीच्या टोकाच्या दाराला हात लावून मग आपल्या खोलीत. लग्नाच्या हॉलमध्ये शेवटच्या पंगतीपर्यंत. चाळीतल्या बायका म्हणायच्या, हिला काहीतरी झालंय. झालं होतंच.

आणि मग सामंत साहेब बढती होऊन आमच्या ब्रेक सेक्शनचे इन्चार्ज म्हणून आले. देवाला पण खाज असते बघा.

सामंत साहेब दिसायला सज्जन. कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सुरंगाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ही आमच्या गावची. हिला मीच चिकटवली हो! बिचारीवर फार वाईट वेळ आली होती." सुरंगा म्हणाली, "व्हय, साहेबांचे उपकार." मी तिच्या हाताकडे बघितलं. हातातला पाना तिनं इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी पडली होती.

त्यांची एक खोड होती. चुकीचा आकडा त्यांना सहन व्हायचा नाही. कुणी चुकीचा आकडा बोललं की अंगावर पाल पडल्यासारखे दचकायचे आणि लगेच दुरुस्त करायचे. मी टाइप केलेल्या तक्त्यात तर लाल पेन चालायचंच, पण आमच्या एका हेडक्लार्कच्या शोकसभेत बोलणारा गहिवरून म्हणाला, "एकोणचाळीस वर्षांची सेवा," तर मागून सामंत साहेब, "अडतीस, अडतीस." विधवा बाई समोर बसलेली. लोकांनी हसू दाबलं. सुरंगा हसली नाही. त्या दिवशी ती सामंतांकडे टक लावून बघत होती, गळती सापडल्यावर व्हॉल्व्हकडे बघते तशी.

आमच्याकडे खंडेनवमी जोरात. आदल्या दिवशी मशिनी धुवायच्या, झेंडूची तोरणं, आणि प्रत्येक सेक्शनमध्ये टेबलावर हत्यारं मांडायची. पाने, हातोडे, गेज, सगळं लखलखीत. इन्चार्जनं प्रत्येक हत्याराला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. सामंत साहेबांच्या पहिल्या खंडेनवमीला टेबलाच्या बरोबर मध्ये एक पाइपचा कॉक ठेवलेला होता. भंगारातला, पण घासून आरशासारखा केलेला. दांडा आडवा. म्हणजे बंद.

साहेब कुंकू लावत लावत तिथं आले आणि थांबले. हा कॉक कुणी ठेवला, असं त्यांनी विचारलं. सुरंगा म्हणाली, "मी. आमच्या घरच्या मान्साचा हत्यार."

चाळीस माणसं मागे उभी. साहेबांनी कुंकू लावलं, निम्मं टेबलावर सांडलं. संध्याकाळी त्यांनी तो कॉक भंगारात टाकायला लावला. पुढच्या वर्षी परत टेबलावर कॉक. भंगारात कॉकांना काय तोटा! दांडा आडवाच. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी त्या माणसाला सगळ्यांदेखत त्या बंद कॉकपुढे वाकावं लागायचं. एका वर्षी त्यांनी रजा टाकली, तर तिनं कॉक पुसून त्यांच्या केबिनमधल्या टेबलावर नेऊन ठेवला, वर दोन फुलं. सेक्शनमधल्या पोरांना काहीतरी शिजतंय एवढं कळत होतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मला त्या दिवसाची वर्षभर वाट असायची. मी नवी साडी नेसून जायचे.

असं पाच वर्षं चाललं. मग सामंत साहेबांची शेवटची खंडेनवमी आली. जानेवारीत ते निवृत्त होणार होते. आबाही थकले होते, ऐंशीला टेकलेले. "आता नाय तर कधी नाय," सुरंगा मला म्हणाली.

खंडेनवमीला घरच्यांना कारखान्यात सोडतात. आमच्या सेक्शनमध्ये एक मॉडेल आहे, लोकांना दाखवायला. एका पाइपवर सहा वॅगनचे ब्रेक ओळीनं लावलेत. हँडल फिरवलं की हवा सुटते आणि सहाही दांडे फटाफट बाहेर येतात. लहान मुलं टाळ्या वाजवतात. हँडल दर वर्षी इन्चार्जच फिरवतो आणि माइकवर कुणीतरी माहिती सांगतो. त्या वर्षी माइक सुरंगानं मागून घेतला. आणि टॅक्सी करून आबांना आणलं, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं.

"हो हवेचो ब्रेक," ती सुरू झाली. माइकवर ती शुद्ध बोलायला जायची आणि मधेच घरचं यायचं. "हा यायच्या आधी मान्सं धावत्या वॅगनला लोंबकळायची. हे बघा माझे सासरे, त्यांचा हात बघा." आबांनी हात वर केला. "या ब्रेकनं हजारो हात वाचले. साहेब, हँडल मारा."

साहेबांनी हसत हँडल फिरवलं. फूस, आखूड. तीन दांडे बाहेर आले. पुढचे तीन जागचे हलले नाहीत.

लोक बघत राहिले. साहेबांनी परत फिरवलं. तेच. आणि खुर्चीतून आबा ओरडले, वीस वर्षं यार्डात नसलेला माणूस, पण आवाज तोच, "कॉक बंद आसा! मधलो कॉक बंद आसा!"

"व्हय आबा," सुरंगा माइकवरच म्हणाली. "मीच बंद केलंय. विलासच्या दिवशी असाच झाला होता. चाळीस वॅगनींची गाडी. अकराव्या वॅगनीचा कॉक बंद होता."

"सतराव्या," सामंत साहेब म्हणाले.

बोलून गेले. माइक त्यांच्यापासून हातभर होता. सगळ्या शेडमध्ये ऐकू गेलं, सतराव्या. मागे फक्त कॉम्प्रेसर धडधडत होता. चौकशीच्या कागदात कॉकचं नाव नव्हतं. कॉक बंद होता हेच कुठं लिहिलेलं नव्हतं, तर कितव्या वॅगनचा ते कुणाला ठाऊक असणार? ज्यानं तो नंतर जाऊन गुपचूप उघडला, त्यालाच.

"म्हणजे... असेल... मी आपलं..." साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

सुरंगानं माइक बंद केला. आबा तिच्याकडे बघत होते, मग सामंतांकडे, मग परत तिच्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं, यार्डातला माणूस, कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती साहेबांच्या जवळ गेली आणि हळू म्हणाली, पण मी बाजूलाच होते, "निरोपाच्या दिवशी सेक्शनतर्फे मी बोलणार हाय. तुमचे जावई येतीत ना?"

तिसऱ्या दिवशी रविवारी तिचा मला फोन. "मॅडम, येवा. साहेब येतत म्हणाले घराकडे. ऑफिसातल्या भाषेचा माका कळत नाय, तुमी वाचा."

सामंत साहेब आले ते मोठा हार घेऊन. लालबागच्या चाळीचा दुसरा मजला चढून धापा टाकत. सुरंगा दारातच उभी. आत नाही घेतलं. आतून आबा खाटेवरून बघत होते.

"सुरंगा, माफ कर मला. विलासच्या फोटोला हार घालू दे."

"फोटो खंय आसा?" ती म्हणाली. "भिंतीर बघा. दिसता? तुमच्या सहीन ठेवलेलो आसा ट्रंकेत."

"मी मनापासून माफी मागतो गं."

"तोंडी नको. लिवून द्या."

गॅलरीत स्टूल ठेवला. शेजारच्या बायका आपापल्या दारात येऊन तांदूळ निवडायला लागल्या. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, दोनांतलं एक, आणि लिहिलं. मी वाचून दाखवलं. 'नजरचुकीने तपासणी अपूर्ण राहिली' असं काहीतरी होतं.

"नजरचूक खोडा," सुरंगा म्हणाली. "नजर तकडे गेलीच नाय, तर चुकात कशी? काय केलात ता लिवा. चलत गेलात काय?"

"ऊन फार होतं त्या दिवशी..."

"ता लिवा."

त्यांनी लिहिलं. मला ते वाक्य पाठ आहे. 'ऊन होते म्हणून मी गाडीच्या शेवटपर्यंत चालत गेलो नाही. न जाता सही केली. अपघातानंतर सतराव्या वॅगनचा बंद कॉक मी उघडला. विलास घाडी यांची चूक नव्हती.' खाली सही, पूर्ण नाव.

मी मोठ्यानं वाचलं, यावेळी सरकारी आवाजात नाही. आतून आबांचा आवाज आला, "सामंता, चाळीस वॅगनी चलाक किती येळ लागता रे?"

साहेब खाली मान घालून म्हणाले, "आठ मिनिटं."

आबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "सुरंगा, ट्रंक काढ. हातोडी खंय आसा?" उजव्या हाताची दोनच बोटं, त्यांना खिळा धरता येईना. सुरंगानं खिळा धरला, आबांनी डाव्या हातानं हातोडी मारली. दोनदा तिच्या बोटावर बसली. ती हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. मुलगी कॉलेजातून आली तर भिंतीवर बाबा. सामंत साहेब हार हातात घेऊन गॅलरीतच उभे होते. सुरंगानं वळून सांगितलं, "हार घेवन जावा. आमच्याकडे आसा." ते जिना उतरले तेव्हा हाराचं एक टोक पायऱ्यांवरून घासत चाललं होतं.

आता कुणीही म्हणेल, इथं संपायला हवं होतं. नाही संपलं. जानेवारीत निरोप समारंभ. साहेबांची बायको, मुलगी, जावई पहिल्या रांगेत, डोक्याला फेटे, बाहेर सजवलेली गाडी. सेक्शनतर्फे सुरंगा उठली. सामंत साहेब तिच्याकडे बघत होते, आता काय, कागद तर दिला, अशा नजरेनं. तिनं कमरेच्या पिशवीतून कागदाची झेरॉक्स काढली आणि सगळी वाचली. पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. मूळ कागद मी आदल्या दिवशीच सरकारी पत्र जोडून वर पाठवला होता.

साहेबांच्या बायकोचा चेहरा मला दिसत होता. तिची कीव आली? आली, खोटं कशाला बोलू. पण सुरंगाला थांबवावं असं एक क्षण वाटलं नाही. नंतर मी तिला विचारलं, "अगं, कागद दिला होता ना त्यांनी?" ती म्हणाली, "वाचूचंय नाय असा मी खंय म्हटलं? विलासचा नाव सगळ्या यार्डात वाचलेला, तेंचा एका हॉलात वाचला."

पुढे सहा-सात महिन्यांनी वरून पत्र आलं आणि निष्काळजीपणाची ती ओळ फायलीतून रद्द झाली. लाल रेघ मीच मारली, पट्टी लावून, दोनदा. त्याच वर्षी आबा गेले. भिंतीवर आता दोन फोटो. मीही निवृत्त झाले.

गेल्या खंडेनवमीला सेक्शनच्या पोरांनी बोलावलं म्हणून गेले होते. नवा इन्चार्ज, तरुण मुलगा, हौसेनं टेबल मांडत होता. मध्ये कॉक होताच, घासलेला, झेंडूवर ठेवलेला. मी चष्मा लावून बघितलं. दांडा अजून आडवाच.

सुरंगा कुंकवाची वाटी घेऊन आली. केस बरेच पांढरे झालेत. मी म्हटलं, "अगं, आता तरी उघड तो. सगळं झालं ना मनासारखं? ओळ गेली, फोटो लागला, तो माणूस तर घराबाहेर पडत नाही म्हणतात. कागदसुद्धा दिला त्यानं."

"कागद दिल्यान," ती म्हणाली. "माणूस खंय दिल्यान?"

कॉकला तिनं अंगठ्यानं कुंकू लावलं, सांडलेलं पदरानं पुसलं. मग पूजा सुरू व्हायच्या आत, सगळे नारळाची वाट बघत उभे असताना, ती एकटी बेंचांच्या ओळीतून चालत निघाली. मला वाटलं परत वळेल. ती शेडच्या पार टोकाला गेली, शेवटच्या बेंचला हात लावला, आणि मगच मागे फिरली.